खडे वेचायचे की तांदूळ: लग्नाच्या फोटोंची छाटणी, तीन लग्नांच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कालचं लग्न उरकलं. शनिवारी हळद, रविवारी अक्षता, कराडपासून दहा-बारा किलोमीटरवरचं कार्यालय. सकाळी दुकान उघडून पहिलं काम कार्डं उतरवण्याचं. माझ्या कॅमेऱ्यातले ३,८९० फोटो आणि भाच्याच्या कॅमेऱ्यातले २,५२२. एकूण ६,४१२. सगळे रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, मोठी फाइल), म्हणजे १७० जीबीच्या आसपास. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही आणि त्यातली एक डिस्क रात्री दुकानात ठेवायची नाही, घरी न्यायची, हा नियम जुना आहे. तो मोडत नाही.

नोंदी ठेवायचं कारण असं. गेल्या सीझनला एकेका लग्नाच्या छाटणीला चार-चार रात्री गेल्या. कंटाळून दोन लग्नांचे तीन-तीन हजार फोटो तसेच पेनड्राइव्हवर घालून दिले आणि 'अल्बमसाठी दोनशे निवडून कळवा' म्हणून सांगितलं. ते काही निवडेनात. घरातली सगळी टीव्हीसमोर बसतात, प्रत्येकाला आपापला फोटो हवा असतो, शंभरेक फोटो बघून चहा होतो आणि विषय संपतो. अल्बम अडला की माझी बाकीही अडते. एका घरची बाकी बारशाच्या ऑर्डरीबरोबर मिळाली.

म्हणून यंदा गिऱ्हाइकाच्या हातात सातशेच्या आसपासच फोटो द्यायचे आणि एका लग्नाची छाटणी एका संध्याकाळी संपवायची. हातात तीन लग्नं आहेत: कालचं, ३० तारखेचं आणि ५ डिसेंबरचं. तिन्हींवर घड्याळ लावून बघतो.

रात्री साडेआठ ते साडेबारा बसलो. हळदीपासून सुरुवात. चार तासांत १,९०० फोटो झाले, तेही जेमतेम. पुढचा फोटो आला की आधी धुरकट, मग 'लोडिंग', मग स्पष्ट. मोबाइलवर वेळ लावून मोजलं: सरासरी तीन सेकंद. ६,४१२ गुणिले तीन म्हणजे सव्वापाच तासांच्या वर नुसती वाट बघण्यात. मी स्वतःला संथ समजत होतो, संथ लॅपटॉप आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लॅपटॉप बदलायला पैसे नाहीत, म्हणून वाट बघण्याचं मूळ शोधलं. रॉ फाइल म्हणजे तयार चित्र नव्हे. लाइटरूम, म्हणजे मी छाटणी करतो तो प्रोग्रॅम, प्रत्येक फाइल उलगडून स्वतःचं चित्र बनवतं, त्यात वेळ जातो. पण कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर जे चित्र आपण बघतो ते कॅमेऱ्याने बनवलेलं जेपेग असतं आणि ते रॉ फाइलच्या पोटातच ठेवलेलं असतं. फोटो मेकॅनिकसारखे प्रोग्रॅम तेच काढून दाखवतात. मॅचचे फोटो काढणारे, वर्तमानपत्रवाले तो वापरतात ते याचसाठी. त्यांना सामना चालू असतानाच फोटो पाठवायचा असतो.

लाइटरूम क्लासिकमध्येही ही सोय आहे. इंपोर्टच्या खिडकीत प्रीव्ह्यूच्या रकान्यात 'एम्बेडेड अँड साइडकार' निवडायचं. इतकी वर्षं मी तिथे 'मिनिमल' ठेवत आलो, कारण सुरुवातीला ज्या दुकानात शिकलो तिथे तसंच होतं. कालचे स्टार कंट्रोल-एस मारून एक्सएमपीत (फोटोशेजारच्या छोट्या फाइलीत) ठेवले होते म्हणून वाचले. सगळं काढून नव्याने इंपोर्ट केलं. माझ्या कॅमेऱ्याचे फोटो आता बाण दाबला की समोर.

भाच्याच्या कॅमेऱ्याचं मात्र वेगळंच निघालं. जुनी बॉडी आहे, तिच्या रॉमधलं जेपेग फक्त १६१६ बाय १०८० चं. पूर्ण स्क्रीनवर ठीक दिसतं, पण डोळ्यावर फोकस आहे की कानावर ते बघायला झूम केलं की सगळा चिखल. आज रात्री त्याच्या फोटोंपुरते १:१, म्हणजे पूर्ण आकाराचे, प्रीव्ह्यू बनवायला लावून लॅपटॉप चालू ठेवून जातो. पुढच्या लग्नाला तो रॉ आणि जेपेग दोन्ही काढेल. शेजारी जेपेग असलं की लाइटरूम तेच उचलतं, साइडकार म्हणतात ते हेच. कार्डं थोडी लवकर भरतील, भरू देत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज छाटणी शून्य. घड्याळाने दिवस खाल्ला.

दोन्ही कॅमेरे वेळेनुसार एका ओळीत लावले तर भलताच क्रम. माझ्या फोटोत नवरा-नवरी हार घालून उभे आणि लगेच पुढच्या फोटोत दोघांच्या मध्ये अंतरपाट. मामा नवरीला बोहल्यावर घेऊन यायच्या आधी ती बोहल्यावर. भाचा म्हणाला, "मामा, माझी बॅटरी दिवाळीत पार संपली होती, तेव्हा टाइम परत टाकला मी. अंदाजे." अंदाज अकरा मिनिटांनी चुकला होता.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त दोन्ही कॅमेऱ्यांत पडलेला एकच क्षण सापडावा लागतो. अंतरपाट बाजूला झाला तो क्षण दोघांकडेही होता. माझ्या फोटोवरची वेळ सेकंदापर्यंत लिहून घेतली, त्याचे सगळे फोटो निवडले, त्यांत तो एक फोटो पुढे ठेवला आणि 'एडिट कॅप्चर टाइम'मध्ये माझी वेळ टाकली. बाकीचे २,५२१ तेवढ्याच फरकाने सरकले.

मग लाइटरूमच्या 'ऑटो-स्टॅक बाय कॅप्चर टाइम'ला लावलं. अमुक सेकंदांच्या आत काढलेले फोटो एका गठ्ठ्यात जातात आणि वर एकच दिसतो. पण गठ्ठे दोन कॅमेऱ्यांचे वेगवेगळेच होत राहिले! थोड्या डोकेफोडीनंतर कळलं: मी दोन कॅमेऱ्यांना दोन फोल्डर केले होते, आणि गठ्ठा एका फोल्डरपुरताच होतो. सगळे एका फोल्डरमध्ये आणले. त्याआधी नावांपुढे 'अ' आणि 'ब' लावून घेतलं, नाहीतर एकाच नंबरचे दोन फोटो भिडले असते.

पाच सेकंदांचं अंतर ठेवलं. ६,४१२ फोटोंचे हजाराच्या आसपास गठ्ठे झाले. आकडा बघूनच बरं वाटलं.

पुढच्या लग्नाला कार्यालयात पाय ठेवल्यावर पहिलं काम: माझ्या मोबाइलवरचं सेकंदकाटा दाखवणारं घड्याळ दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपायचं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा सगळ्यात मोठा गठ्ठा अंतरपाटाचा. माझे ४१, भाच्याचे २६. पाच-सात सेकंदांचे ६७ फोटो. जरा सविस्तर लिहून ठेवतो, कारण इथेच माझा नेहमी अर्धा तास जातो.

पहिले आठ-दहा: अंतरपाट ताणलेला, मधलं कुंकवाचं स्वस्तिक सरळ, वर नुसत्या मुंडावळ्या आणि फेट्याचा तुरा. एक ठेवला, बाकी सगळे एकसारखे. मग 'सावधान' झालं, ताशा सुरू आणि चारी बाजूंनी अक्षता. इथून पुढे कॅमेऱ्याचा ताबा सुटलेला दिसतो. एका फोटोत फोकस नवरीच्या नाकासमोर उडणाऱ्या दाण्यावर बसलाय. दाणा असा टिपलाय की त्याला चिकटलेलं कुंकू दिसावं, आणि मागे नवरी धुक्यात. पुढच्या सहात नवरदेवाने डोळे गच्च मिटलेत, तांदूळ लागतात हो. एकात मामांचा हात कोपरापर्यंत आत आलाय.

एकोणतिसावा फोटो. नवरदेवाचा एक डोळा मिटलेला, एक उघडा. कापड बाजूला गेलंय आणि नवरीने पहिल्यांदा मान वर केलीय, नीट नाही, अर्धीच. मागे करा घेऊन उभी असलेली करवली तोंड उघडं टाकून हसतेय. उजव्या कडेला भटजी अर्धे कापलेत. तेहतिसावा याच्याहून सगळ्या बाबतींत सरस: फोकस, प्रकाश, दोघांचे डोळे उघडे. पण त्यात दोघं हाराकडे बघतायत, हार उलटा तर नाही ना एवढंच.

दोन्ही ठेवले. भाच्याचा एक ठेवला, मागून काढलेला: नवरीच्या अंबाड्यावर अडकलेले दाणे आणि पलीकडे तिच्या आईची मूठ, अजून तांदूळ न टाकलेली. ती बिचारी टाकायचीच विसरली असणार. ६७ मधले चार राहिले.

आज एक सवय ठरवून मोडली. एकेका फोटोवर झूम करून 'हा का नको' असं बघत बसायचो. आज आधी पूर्ण गठ्ठा सर्रकन बघितला, थांबावंसं वाटलं तिथे 'पी' ('ठेवायचा'ची खूण) दाबलं आणि झूम फक्त 'पी' झालेल्यांवर. बाकीच्यांना 'टाकायचा'चा एक्ससुद्धा मारला नाही. ज्याला खूण नाही तो गेला.

रंगाकडेही बघायचं नाही. हळदीचा मांडव गुलाबी कापडाचा, वरून पिवळे बल्ब, त्यात हळद. सगळी मंडळी काविळीची दिसतात. ते पुढे एका झटक्यात निघतं. छाटणीच्या वेळी तिकडे वळलं की तास गेला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिलं लग्न संपलं. चार दिवसांचे मिळून नऊ तास चाळीस मिनिटं, घड्याळाच्या भानगडीसकट. ७४१ फोटो राहिले.

कुठल्या भागातले किती, ते काढलं. हळदीचे १,४८० मधले १३१. सकाळच्या तयारीचे ७०५ मधले ८८. अक्षता, कन्यादान, सप्तपदी धरून विधींचे २,१४० मधले १७४. स्टेजवरच्या आहेराचे ५६३ मधले २१४. पाठवणी आणि वरात ९१२ मधले ११२. आणि पंगत: ६१२ मधले २२.

पंगतीचे ६१२! त्यातले पाचशेच्या वर भाच्याचे. वाढप्याच्या पळीतून रस्सा पडताना काढायचा म्हणून हा गडी बटण धरून बसलेला. विचारलं तर म्हणे, "मामा, रीलमध्ये भारी दिसतं." रील नंतर बघू. काढताना दाबलेलं प्रत्येक बटण रात्री मला परत दाबावं लागतं, हे त्याला शेजारी बसवून दाखवलं. पंगतीचे सगळे ६१२ त्यालाच छाटायला दिले. तासभर गप्प होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आई ओट्यावर ताट घेऊन तांदूळ निवडत होती. बोटाने ताट पुढे-मागे, खडा दिसला की बाहेर. गेले चार दिवस हेच करतोय म्हणून बघत बसलो. तिला म्हटलं, मी पण निवडतोच, पण माझ्यात ठेवायचं थोडं असतं आणि टाकायचं जास्त. ती मान वर न करता म्हणाली, "मग खडे कशाला वेचतोस? पोतं फुटून मातीत सांडलं तर माती वेचत बसतं का कोणी? दाणे उचलायचे."

कालचे आकडे परत काढून बघितले. विधींत शंभरातले आठ राहिले, हळदीत नऊ, पंगतीत चारसुद्धा नाहीत. ती माती. तिथे दाणे वेचायचे, फक्त 'पी'. आहेराचं उलटं आहे. तिथे प्रत्येक कुटुंबाचे दोन-तीन फोटो असतात, त्यांतला एक राहणारच. गठ्ठे मिटवून ठेवले की वर २१४ फोटो दिसतात आणि त्यांतले दीडशेच्या वर जसेच्या तसे चालतात. तिथे खडे वेचायचे: कोणाचे डोळे मिटलेत, कोणी आडवं आलंय, तेवढाच गठ्ठा उघडायचा, आतला बरा निवडायचा आणि शिफ्ट-एस मारून वर आणायचा.

मी इतके दिवस दोन्हीकडे एकाच पद्धतीने बसत होतो.

१ डिसेंबर, सोमवार

कालच्या लग्नाचे ५,१२० फोटो. मोबाइलच्या घड्याळाचा फोटो दोघांनी काढला होता. फरक चार सेकंदांचा, दोन मिनिटांत सरळ. भाच्याने जेपेगही काढलेत. पंगतीचे ९४ फक्त. शिकलं पोरगं.

काल रात्री कार्यालयातून निघायच्या आधीच नवरदेवाच्या भावाने स्टेटसला ठेवायला फोटो मागितले. नाही म्हणून चालत नाही. पंगत उठत असताना कॅमेऱ्यातच वीसेक फोटोंना खूण केली, मोबाइलवर घेतले, पाठवून दिले. त्या वीसांचा आणि खऱ्या छाटणीचा संबंध ठेवायचा नाही असं ठरवलंय. त्या वेळी पाय दुखत असतात आणि कानात ताशा वाजत असतो. तेव्हा आवडलेल्या वीसांतले सात आज अगदीच साधे वाटले.

आज दुपारी चारला बसलो. गठ्ठे, मग विधींत दाणे, आहेरात खडे. कॅप्स लॉक चालू ठेवलं की 'पी' दाबल्यावर लाइटरूम आपोआप पुढच्या फोटोवर जातं. एका हातात चहा धरता येतो.

आणखी एक लक्षात आलं. दोघांना उभं करून काढलेल्या फोटोंत (प्रीतिसंगमावरचं प्री-वेडिंग असो की स्टेजवरची पोज) गठ्ठा शेवटून बघायचा. मनासारखा मिळाला की मी बटण सोडतो, म्हणून चांगला फोटो बहुतेक वेळा शेवटच्या दोनांत असतो. अंतरपाट, कानपिळी, वरातीतला नाच यांत तसं नाही. तिथे मी काय दाबतोय ते मलाच माहीत नसतं.

३ तास २५ मिनिटं. ६८८ राहिले.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी पहिल्या लग्नातल्या नवरीच्या वडिलांचा फोन. "अवो, फोटो झ्याक आल्यात. पर आमच्या आक्कांचा आहेराचा फोटू कुठाय? सकाळधरनं तीनदा इचारलं तिनं."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, नवरीची आत्या. ७४१ मध्ये शोधलं. हळदीत आहेत, उखाणा घेतानाही आहेत, स्टेजवर नाहीत. मग मूळ ६,४१२ मध्ये गेलो. टाकलेले फोटो अल्बम छापून होईपर्यंत मी डिस्कवरून उडवत नाही, नाहीतर आज तोंड दाखवायला जागा नव्हती.

सापडले, तीन. पण आक्कांचे तिन्ही फोटो दुसऱ्याच कुटुंबाच्या गठ्ठ्यात. आहेराला रांग लागली होती, एक कुटुंब उतरतंय तोवर दुसरं चढतंय आणि मी मध्ये थांबलोच नाही. पाच सेकंदांच्या आत सगळं. लाइटरूमने दोन कुटुंबांना एक समजून एकाच गठ्ठ्यात बांधलं, मी वरचा फोटो बघितला, बरा होता, पुढे गेलो. खडे वेचायच्या नादात दाण्यांची अख्खी मूठ खाली गेली.

तिन्हींची तऱ्हा: एकात आक्कांच्या समोरून मिक्सरचं खोकं घेऊन कोणी चाललंय. एकात डोळे मिटलेले. तिसऱ्यात आक्का छान बघतायत, नवरीच्या खांद्यावर हात, पैठणीची घडी दुसऱ्या हातात; पण फ्लॅश पेटलाच नाही. लागोपाठ दाबल्यावर फ्लॅशला भरायला वेळ लागतो, त्यातून सेल उतरलेले. फोटो जवळजवळ काळा. रॉ होता म्हणून अडीच स्टॉप उचलला, दाणे-दाणे आले ते नॉइज रिडक्शनने बसवले. चेहरा नीट आला. पैठणीचा काठही आला, ते जास्त महत्त्वाचं असावं.

मग आहेराचे सगळे गठ्ठे एकेक करून उघडले. अशीच आणखी चार कुटुंबं दडपली गेली होती. यादी ७४६ वर गेली. पाचही फोटो दुपारी पाठवले. "आक्कांनी फोटो बघितला, चष्मा लावून," असा निरोप आला.

आहेराला ऑटो-स्टॅक बंद. तिथे गठ्ठे हाताने बांधायचे, माणसं बदलली की गठ्ठा बदलला. पंधरा मिनिटं जास्त जातील. सेकंदांवरून यंत्राला कळतं की फोटो लागोपाठचे आहेत, माणसं कोण ते कळत नाही. आणि आहेराच्या फोटोला फोटो म्हणून बघायचंच नाही, ती हजेरी आहे. वाईट असला तरी एकमेव असेल तर राहणार.

दुसऱ्या लग्नाचाही आहेर परत तपासला. तिथे दोन निघाले. ६९०.

४ डिसेंबर, गुरुवार

एका मित्राच्या आग्रहावरून एआयने छाटणी करणारा एक प्रोग्रॅम चाचणीपुरता घेतला. दुसऱ्या लग्नाचे ५,१२० फोटो त्याला दिले आणि माझ्या ६९० शी ताडून बघितले. वेगाबद्दल तक्रार नाही, मी जेवून येईपर्यंत काम झालेलं.

सारखे फोटो एकत्र करण्यात तो पटाईत आहे. हललेले, फोकस चुकलेले बरोब्बर बाजूला काढतो. पण मिटलेला डोळा दिसला की त्याच्या लेखी फोटो बाद. कन्यादानाला बाप डोळे मिटणार नाही तर कधी मिटणार? होमाच्या धुरात सगळ्यांचेच डोळे बारीक, पाठवणीला नवरीचे मिटलेले, देवकापुढे आजोबांचे मिटलेले, सगळे खड्यांत. कन्यादानातला पाणी सोडतानाचा फोटो, ज्यात नुसते चार हात आणि खाली तांब्याचं ताम्हन आहे, चेहरे नाहीत म्हणून तळाला. कानपिळीत नवरदेवाचं तोंड वाकडं, म्हणून तोही.

उलट मुंडावळ्या नीट करून घेताना काढलेले अकरा फोटो त्याने ठेवायला सांगितले, कारण सगळ्यांत डोळे उघडे आणि सगळे टकटकीत.

पंगत आणि स्टेजवरच्या पोजेससाठी घेईन कदाचित. विधींना नको. महिन्याचे पैसे बघून ठरवू.

६ डिसेंबर, शनिवार

तिसरं लग्न, ४,३०६ फोटो. संध्याकाळी सहाला बसलो.

साडेसहाला वरच्या दोन ओळी लिहून परत लाइटरूममध्ये गेलो, तर 'पी' काही लागेना. 'एक्स' नाही, 'यू' नाही. लाइटरूम बंद करून उघडलं, लॅपटॉप बंद करून उघडला. दहा मिनिटं गेली. मग दिसलं की खाली कोपऱ्यात कीबोर्ड मराठीवर राहिलाय. ही वही मी मराठीत टाइप करतो ना. आता नोंद मोबाइलवरच.

हळद आणि विधी: तासाच्या थोडं वर. आहेर हाताने गठ्ठे बांधून: चाळीस मिनिटं. बाकी किरकोळ. २ तास १० मिनिटं, कीबोर्डच्या दहा मिनिटांसह. ६१२ राहिले. माणसांची यादी घरच्यांकडून आधीच मागितली होती, आहेर संपल्यावर तिच्याशी एकेक नाव लावून बघितलं. कोणी राहिलं नाही.

साडेआठला शटर खाली. सीझनमध्ये असं जेवणाच्या वेळेला घरी जाणं, बायकोने दोनदा विचारलं, बरं आहे ना म्हणून.

१४ डिसेंबर, रविवार

पहिल्या लग्नाची निवड आली. ७४६ मधले २१८, बारा दिवसांत. गेल्या सीझनच्या मानाने हे फार लवकर.

यादी बघितली. अंतरपाटाचा तेहतिसावा घेतलाय, एकोणतिसावा नाही. दोघांचे डोळे उघडे आहेत त्यात. नवरीच्या आईच्या मुठीचा मात्र घेतलाय, आणि पुढे लिहिलंय: 'हा मोठा टाका'. आक्कांचा अर्थातच आहे.

एकोणतिसावा मी दुकानाच्या काचेसाठी ठेवतो, नवरीकडून परवानगी घेऊन.

२१ डिसेंबर, रविवार

पहिला अल्बम छापून आला, पोहोचवला, बाकी मिळाली. आता कामाच्या डिस्कवरून ते ५,६६६ टाकलेले फोटो काढायचे. आधी घरच्या डिस्कवर राहिलेले ७४६ उघडतात का ते पाहिलं, मध्ये-मध्ये झूम करून. मग सगळे निवडले. डिलीटवर बोट ठेवल्यावर परत एकदा आहेराचे गठ्ठे उघडून बघितले, उगाच. मग दाबलं. दीडशे जीबी मोकळी झाली.

कॅमेरे पुढच्या सीझनपर्यंत बॅगेत जायच्या आधी दोन्हींची घड्याळं मोबाइलसमोर धरली. भाच्याचा कॅमेरा परत अठरा सेकंद मागे पडलाय.